किरणवरून हॉकवर: विमान बदललं की शोचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: भारतीय हवाई दलाच्या सूर्यकिरण या हवाई कसरतींच्या टीमचा शो पूर्वी किरण विमानांवर पाहिला होता, अलीकडे हॉकवर पाहिला. विमानं नवी, वेगवान, आवाजही जोरकस. तरी ती फार लांब जातात आणि मधेमधे समोरचं आकाश रिकामं राहतं असं वाटलं. हा भास आहे का? आणि विमान बदलायचंच होतं तर सुखोई किंवा तेजस का घेतलं नाही?

भास नाही. मात्र टीम सुस्तावली किंवा कार्यक्रम पातळ झाला असाही अर्थ काढू नका. वेगवान विमान आलं की शोची भूमितीच बदलते. बाकीचे बहुतेक बदल, म्हणजे धूर, मांडणी, सराव, खर्च, त्या भूमितीच्या मागोमाग येतात. नवं विमान म्हणजे आपोआप सरस शो, हे गृहीतक आधी सोडावं लागतं.

पार्श्वभूमी दोन ओळींत. टीम १९९६ मध्ये बिदरला उभी राहिली, हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या किरण मार्क २ विमानांवर. २००९ मध्ये एचपीटी-३२ ही प्राथमिक प्रशिक्षण विमानं उड्डाणातून काढली गेली, नव्या वैमानिकांच्या शिक्षणासाठी किरण कमी पडू लागली आणि फेब्रुवारी २०११ च्या एअरो इंडियानंतर (बंगळुरूजवळच्या हवाई प्रदर्शनानंतर) टीम थांबली. २०१५ मध्ये ती हॉक मार्क १३२ वर परत आली. आधी चार विमानं, मग सहा, पुढे नऊ.

आता घेर. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही विमानांचे नेमके डिस्प्ले-वेग कसरतीगणिक बदलतात, म्हणून समजण्यापुरते ताशी ५०० आणि ६५० किलोमीटर धरू. सपाट वळणात ४ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौपट भार, ओढला तर ५०० ला त्रिज्या सुमारे ५१० मीटर येते आणि ६५० ला ८६० मीटर. वेग ३० टक्क्यांनी वाढला, घेर जवळजवळ ७० टक्क्यांनी. जुनाच घेर राखायचा म्हटलं तर ६५० ला ४ ऐवजी सुमारे ६.६ जी ओढावा लागतो. एकटा वैमानिक तो ओढेल. नऊ विमानांची फॉर्मेशन, म्हणजे एकत्र उडणारी रचना, ओढू शकत नाही, कारण बाहेरच्या कडेच्या विमानाला जागा सावरण्यासाठी जी आणि ताकद दोन्ही शिल्लक लागतात.

प्रत्यक्षात मोठी फॉर्मेशन प्रेक्षकांकडे परत वळताना यापेक्षा बरीच सैल वळते. २.५ जी धरा. ५०० च्या वेगाला अर्धं वर्तुळ १९ सेकंदांत पुरं होतं आणि वळणाची रुंदी १.७ किलोमीटर भरते. ६५० ला तेच २५ सेकंद आणि २.९ किलोमीटर. त्यात समोरून निघून जाण्याचा आणि पुन्हा रांगेवर येण्याचा वेळ मिळवा. तुम्हाला जाणवलेलं रिकामं आकाश ते हेच.

यावर सगळ्या टीमचा उपाय एकच असतो: शोचे तुकडे करायचे. सुरुवातीची काही मिनिटं सगळी विमानं एकत्र राहतात. मग मुख्य गट आणि सिंक्रो जोडी, म्हणजे समोरासमोर येऊन एकमेकांना छेदणारी दोन विमानं, वेगळी होतात. मुख्य गट दूर वळत असताना जोडी समोरून आडवी जाते, जोडी वळत असताना मुख्य गट लूपमध्ये, म्हणजे उभ्या गोलात, येतो. ब्रिटनची रेड ॲरोज १९८० पासून हॉकवर उडते. तिथे पहिली पाच विमानं एक गट, सहा ते नऊ दुसरा, आणि सहा-सात ही सिंक्रो जोडी, अशी विभागणी पक्की ठरलेली आहे. हॉक घेणाऱ्या टीमला त्याच दिशेने जावं लागतं. यात नक्कल काही नाही, विमानाचा घेरच तसा आहे.

सिंक्रो जोडीचं गणितही वेगासोबत कडक होतं. दोघं समोरासमोर ६५० ने येत असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला ३६० मीटरने मिटतं. एकाला एक सेकंद उशीर झाला की छेद होण्याची जागा ९० मीटर सरकते आणि मधोमध उभ्या प्रेक्षकाला छेद बाजूला झालेला दिसतो. ५०० ला ही सरक ७० मीटरची असते. म्हणून जोडीतला एकजण वेग आणि रेषा धरून ठेवतो आणि दुसरा त्याच्याशी वेळ जुळवून घेतो. दोघांनी एकाच वेळी दुरुस्ती केली की दुरुस्ती दुप्पट होते आणि चूक उलट बाजूला जाते.

घेराचा दुसरा परिणाम उभ्या दिशेत दिसतो. लूपच्या तळाशी ४ जी ओढला तर त्या क्षणाची त्रिज्या ५०० च्या वेगाला ६५५ मीटर आणि ६५० ला ११०० मीटरच्या आसपास असते. वर जाताना वेग घटतो, त्रिज्या लहान होते, म्हणून लूप पूर्ण गोल नसून माथ्याकडे आवळलेला असतो. तरी एकूण उंची वाढतेच, आणि ढगांशी गाठ इथे पडते. रेड ॲरोजला लूपसह पूर्ण कार्यक्रमासाठी ढगांचा तळ ५,५०० फुटांच्या वर लागतो. त्याखाली, पण २,५०० फुटांच्या वर असेल तर लूपच्या जागी रोल (विमान स्वतःभोवती फिरवणं) आणि कलती वळणं येतात. त्याहून खाली नुसती सपाट उड्डाणं. त्यामुळे एकाच टीमचे दोन शो इतके वेगळे दिसू शकतात की पाहणाऱ्याला विमानालाच दोष द्यावासा वाटतो. तुम्ही पाहिलेल्या दिवशी एकही लूप झाला नसेल तर आधी त्या दिवसाचे ढग आठवा.

शोची जागाही मोजावी लागते. बंगळुरूजवळचा येलहंका तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फुटांवर आहे, मरीन ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर. तापमान सारखं असेल आणि वेगदर्शकावर तोच आकडा ठेवला तर विरळ हवेमुळे येलहंकाला खरा वेग जास्त असतो आणि घेर ११-१२ टक्क्यांनी मोठा होतो. वर इंजिनाचा जोरही थोडा कमी. त्यामुळे बंगळुरूला बसवलेला कार्यक्रम मुंबईत सेकंदाला सेकंद तसाच चालत नाही. प्रत्येक ठिकाणी आदल्या दिवशीचा सराव मुख्यतः यासाठी असतो: मध्यबिंदू कोणता, कडेच्या खुणा कोणत्या, वाऱ्याने रेषा किती ढळते. पाण्यावरच्या शोमध्ये जमिनीवरच्या खुणा नसतात, तिथे नांगरलेल्या बोटी किंवा किनाऱ्यावरच्या इमारती धराव्या लागतात.

प्रेक्षकांपासूनचं अंतरही वेगावर ठरतं. नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेत सर्वात वेगवान वर्गातली विमानं प्रेक्षकांपासून १,५०० फूट दूर ठेवतात, मधल्या वर्गातली १,००० आणि सर्वात हळू वर्गातली ५०० फूट. तेव्हा वेगवान विमान लांब दिसतं यामागे कधीकधी नुसता नियम असतो.

आता कॉकपिटमध्ये जाऊ, कारण वैमानिकाच्या दृष्टीने खरा बदल तिथे आहे. किरणमध्ये दोन आसनं शेजारी-शेजारी. डाव्या आसनावरून उजवीकडच्या लीडरकडे बघायचं तर नजर शेजारची रिकामी जागा आणि कॅनॉपीची चौकट ओलांडून न्यावी लागते. हॉकमध्ये आसनं एकामागे एक आहेत, पुढचा वैमानिक विमानाच्या मध्यरेषेवर बसतो आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. बाजू बदलणाऱ्या वैमानिकासाठी ही मोठी सोय आहे. पण जागा धरण्याच्या खुणा सगळ्या नव्याने शिकाव्या लागतात. विंगमन, म्हणजे लीडरच्या बाजूने उडणारा वैमानिक, अंतर मीटरमध्ये मोजत नाही. लीडरच्या विमानावरचे दोन बिंदू एका रेषेत ठेवतो, उदाहरणार्थ पंखाच्या टोकाचा दिवा आणि धडावरची एखादी खूण. विमान बदललं की ते बिंदू गेले. वर्षानुवर्षं डोळ्यात बसलेलं चित्र पुसून दुसरं बसवायला फार उड्डाणं लागतात.

खालून दिसणारा आकारही त्यामुळे बदलला. किरणचे पंख सरळ, टोकापासून टोकापर्यंत सुमारे १०.७ मीटर. हॉकचे मागे वळलेले, सुमारे ९.९ मीटर, आणि विमान लांबीला जास्त. किरणचा डायमंड, म्हणजे विमानांची चौकट आकाराची रचना, भरीव, चौकोनी दिसायचा. हॉकचा बाणासारखा, टोकदार दिसतो. माझं मत विचाराल तर सरळ उड्डाणात किरणचा नऊचा डायमंड जास्त घट्ट भासायचा, आणि रोलमध्ये हॉक कितीतरी सरस आहे.

इंजिनाचं दोन्ही बाजूंनी आहे. किरण मार्क २ मध्ये ऑर्फियस टर्बोजेट, सुमारे ४,२०० पौंड जोराचं. हॉकमध्ये ॲडूर मार्क ८७१ टर्बोफॅन, सुमारे ६,००० पौंडांचं, पण विमानही वजनदार. फायदा असा की कसरतीत गमावलेला वेग लवकर परत येतो, दोन कसरतींच्या मधे वेग गोळा करण्यासाठी लांब सपाट पळ घ्यावा लागत नाही. मोठ्या घेराने खाल्लेला काही वेळ इथे परत मिळतो. अडचण थ्रॉटलच्या प्रतिसादाची. फॉर्मेशनमधला वैमानिक थ्रॉटल सतत थोडा पुढे, थोडा मागे करत असतो, आणि जेट इंजिन खालच्या फेऱ्यांवरून वर यायला वेळ घेतं. म्हणून लीडर दोन गोष्टी पाळतो. स्वतः पूर्ण ताकद वापरत नाही, कारण त्याने वापरली तर मागच्यांना भरून काढायला काही उरत नाही. आणि जिथे वेग आवरायचा आहे तिथे थ्रॉटल पार मागे न ओढता एअरब्रेकचा आधार घेतो, म्हणजे सगळ्यांची इंजिनं फेऱ्यांवर राहतात. लीडरचा हात ज्या दिवशी जड असतो त्या दिवशी सर्वात बाहेरची विमानं रबराच्या टोकाला बांधल्यासारखी मागेपुढे होतात. बिघाड कडेला दिसतो, त्याचं मूळ मधे असतं.

नियंत्रणाच्या दांड्याबाबत अमेरिकन नौदलाच्या ब्लू एंजल्सचं उदाहरण बोलकं आहे. १९८६ मध्ये ते ए-४ वरून हॉर्नेटवर गेले आणि २०२१ च्या हंगामापासून सुपर हॉर्नेटवर आहेत. हॉर्नेटच्या दांड्याला त्यांनी स्प्रिंग लावली. ती नाक खाली नेण्याच्या दिशेने सुमारे ४० पौंडांचा ताण देते, म्हणजे वैमानिक संपूर्ण शोभर दांडा मागे ओढूनच धरतो. सैल दांड्यापेक्षा ताणलेल्या दांड्यावर बारीक हालचाल जास्त अचूक होते आणि मधली पोकळ जागा जाणवत नाही. याच अचूकतेसाठी ते जी-सूट, म्हणजे जी वाढला की फुगून पाय आणि पोट आवळणारा पोशाख, घालत नाहीत: हात मांडीवर टेकलेला असतो, सूट फुगला की हात हलतो, आणि हात हलला की विमान हलतं. लढाऊ विमान शोसाठी जसंच्या तसं चालत नाही, ते यावरून दिसतं. ब्लू एंजल्समध्ये तर नाकातली तोफही काढून तिथे धुराच्या तेलाची टाकी बसवलेली असते.

धुराबद्दल सविस्तर लिहितो, कारण विमान बदलताना सर्वात जास्त खटपट इथे होते. धूर म्हणजे काही जळत नसतं. डिझेल किंवा तत्सम तेल इंजिनाच्या गरम झोतात फवारतात, त्याची वाफ होते, बाहेरच्या थंड हवेत ती वाफ पुन्हा बारीक थेंबांत जमते. पांढरा धूर तो. रंगीत हवा असेल तर तेलात रंग मिसळतात. रेड ॲरोजच्या हॉकमध्ये पोटाखालच्या पॉडमध्ये (बाहेरून टांगलेल्या डब्यात) तीन टाक्या असतात: ५० गॅलन म्हणजे सुमारे २२७ लिटर साधं डिझेल आणि प्रत्येकी १० गॅलनच्या, सुमारे ४५ लिटरच्या, दोन रंगांच्या टाक्या. मिनिटाला १० गॅलन जातात. म्हणजे पांढरा पाच मिनिटं, लाल एक मिनिट, निळा एक मिनिट. सगळा कार्यक्रम या सात मिनिटांत वाटायचा असतो. कुठे रंग सुरू, कुठे बंद, हे लीडर आवाजाने सांगतो आणि सगळे एकाच क्षणी बटण दाबतात. एकाने उशिरा सोडला तर सरळ रेषेचं टोक तुटकं दिसतं.

यात चुकतं काय? टर्बोफॅनच्या झोतात बाजूची थंड हवा मिसळलेली असते. टर्बोजेटसाठी ठरवलेली फवारणीची जागा आणि प्रमाण इथे तसंच चालेल असं नाही. तोटी झोताच्या थंड भागात पडली तर तेलाची पूर्ण वाफ होत नाही, धूर विरळ येतो आणि कच्चं तेल खाली गळतं. थ्रॉटल फार मागे असेल तरी तेच. वैमानिकाने कसरतीच्या त्या टप्प्यावर ताकद राखली नाही तर बदामाच्या आकृतीची एक बाजू दाट आणि दुसरी फिकट निघते. रंगाचं आणखी वेगळं. उंची कमी असेल तर रंगीत थेंब जमिनीवर पोचतात. जपानच्या ब्लू इम्पल्सच्या रंगीत धुराने २०२१ मध्ये, टोकियो पॅरालिम्पिकच्या उड्डाणानंतर, इरुमा तळाजवळ गाड्यांवर डाग पडले होते.

सूर्यकिरणच्या हॉकसाठीचे धुराचे पॉड हवाई दलाच्या नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत तयार झाले, आणि त्यानंतर टीमला आकाशात तिरंगा काढता येऊ लागला. बाहेरून टांगलेला पॉड म्हणजे वजन आणि हवेचा रोध दोन्ही. तो बसवल्यावर विमानाच्या मर्यादा पुन्हा तपासाव्या लागतात, म्हणून हे काम वेळखाऊ असतं. धुराशिवाय घेर मोठा असलेला शो आणखीच रिकामा वाटतो. विमान नजरेआड झालं तरी रेषा आकाशात राहते, आणि वेगवान विमानाच्या टीमसाठी तीच मोठी मदत.

मधेच आढावा: मोठा घेर, म्हणून गटांत विभागणी, विभागणी, म्हणून वेळेची कडक जुळणी, आणि मधल्या रिकाम्या सेकंदांवर धुराचं पांघरूण.

टीम एकदम नऊवर का गेली नाही, याचं उत्तरही आता सोपं आहे. आधी प्रत्येकजण विमानावर एकटा तयार होतो. मग दोन, तीन, चार. प्रत्येक पायरी आधी बऱ्याच उंचीवर, मग टप्प्याटप्प्याने खाली, आणि प्रत्येक टप्प्याला वरिष्ठांची मंजुरी. लीडरला विमानाच्या वळणाची, वजनाची, इंधन घटत जाताना बदलणाऱ्या वागण्याची सवय झाल्याशिवाय मागे माणसं वाढवण्यात अर्थ नसतो. जुन्या विमानावर एकजण निवृत्त होतो तेव्हा बाकीचे आठ त्याच्या जागी आलेल्याला शिकवतात. नव्या विमानावर शिकवणारं कोणीच नसतं. जोखीमही पुस्तकी नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये एअरो इंडियाच्या सरावात येलहंकाला दोन हॉक एकमेकांवर आदळले आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले.

राहिलं सुखोई-तेजसचं. तीन सुखोई-३० एमकेआय प्रजासत्ताक दिनाला त्रिशूल काढतात, एकट्या सुखोईची कसरत तर डोळ्यांचं पारणं फेडते. पण नऊ विमानं वर्षभर, शहरोशहरी, हा वेगळा हिशोब आहे. नऊसाठी राखीव धरून डझनभर विमानं लागतात, म्हणजे लढाऊ स्क्वाड्रनचा मोठा हिस्सा, तोही मंजूर ४२ स्क्वाड्रन भरत नसताना. खालच्या उंचीवर रोज जी खाणाऱ्या विमानाच्या सांगाड्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. तेजसचा त्रिकोणी पंख क्षणिक वळणाला झकास, पण लांब, जोराच्या वळणात वेग खातो, आणि फॉर्मेशनला तर एकसारखा वेग हवा. हॉक मुळातच बिदरला प्रशिक्षणासाठी आहे. सुटे भाग, इंजिनाची दुरुस्ती, सिम्युलेटर, शिकवणारे, सगळं त्याच तळावर. उलट बाजूही सांगतो: टीमकडचं प्रत्येक हॉक प्रशिक्षणातून काढलेलं असतं, आणि किरणवरची टीम नेमकी त्याच ओढाताणीत थांबली होती.

जगात टीम नेहमी मोठ्या विमानाकडेच गेल्या असंही नाही. अमेरिकेच्या थंडरबर्ड्सनी १९७४ मध्ये तेलटंचाईच्या काळात फँटम सोडून टी-३८ हे प्रशिक्षण विमान घेतलं. एका फँटमच्या इंधनात पाच टी-३८ उडत. ब्लू इम्पल्स टी-२ या स्वनातीत विमानावरून १९९० च्या दशकात टी-४ या त्याहून हळू विमानावर आली. त्यांचा घेर लहान झाला, विमानं प्रेक्षकांजवळ राहू लागली आणि धुराची चित्रं सुबक झाली. सूर्यकिरणला जे हळू विमान सोडताना गमवावं लागलं, ते ब्लू इम्पल्सला हळू विमान घेताना मिळालं.

पुढच्या वेळी हॉकचा शो बघाल तेव्हा शक्य तितकं मध्यबिंदूजवळ उभे राहा. साधारणपणे निवेदकाचा मंच तिथेच असतो. कडेला उभं राहिलं तर सिंक्रोचे छेद तिरके दिसतात. ऊन पाठीशी येईल अशी बाजू धरा, नाहीतर पांढरा धूर उजेडात हरवतो. आणि मुख्य गट निघून गेला की त्याच्या मागे बघत राहू नका. लगेच डावी-उजवी क्षितिजं चाळा. जोडी बहुतेक वेळा पंधरा-वीस सेकंदांत तिथून खालून येते.